जुन्या किटचा रेल्वे डबा जोडताना टप शेवटपर्यंत मोकळा ठेवा

मॉडेल रेल्वेच्या डब्याचं जुनं किट, म्हणजे सुटे भाग चिकटवून बांधायचा संच, हातात आलं की कधी एकदा चिकटवतोय असं होतं, पण डब्याचं गणित इंजिनापेक्षा वेगळं असतं. डब्याला आतून-बाहेरून रंग लागतो, काचा बसतात, आत सीटं असतात, आणि टप एकदा कायमचा चिकटला की यातल्या कशालाच परत हात लावता येत नाही, म्हणून आधी टप निघणार कसा ते ठरवा आणि मगच गोंद उघडा.

मी बोलतोय ते ओओ स्केलच्या ब्रिटिश किटांबद्दल, म्हणजे खऱ्या डब्याच्या एका फुटाला मॉडेलमधे ४ मिमी, आणि दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. किटमास्टर या कंपनीने १९५९ ला प्लास्टिकची किटं आणली, त्यात ब्रिटिश रेल्वेचे मार्क १ प्रकारचे डबे होते, १९६२ ला हा सगळा कारभार एअरफिक्स या दुसऱ्या कंपनीकडे गेला. ही किटं अजून बऱ्यापैकी फिरतात आणि नीट बांधली तर आजही ताठ मानेने रुळावर उभी राहतात.

सगळे भाग आधी भांड्याच्या साबणाने धुवा, साच्याचं तेल राहिलं तर रंग सुटतो. वाकलेली साइड असेल तर गरम पाण्यात (उकळतं नको) जरा वेळ ठेवून सपाट काचेवर दाबून थंड होऊ द्या. मग गोंद न लावता सगळं टेपने जोडून बघा, टप बसतोय का, साइड मधे आत ओढल्या जातायत का. खिडक्यांच्या कडेला साच्यातून राहिलेली जास्तीच्या प्लास्टिकची कोर इथेच काढून टाका, रंगानंतर ती फार दिसते. प्लास्टिकला पातळ सॉल्व्हंट गोंद (प्लास्टिक जरा विरघळवून जोडणारा) ब्रशने सांध्यात सोडायचा, तोही कमीच, कारण दोन थरांमधे अडकलेला सॉल्व्हंट हळूहळू प्लास्टिक वाकवतो आणि ते काही दिवसांनी कळतं.

चालण्याकडे मात्र मनापासून लक्ष द्या. किटमधली प्लास्टिकची चाकं काढून धातूची १४ मिमी चाकं घाला, ॲक्सल (दोन चाकं जोडणारा दांडा) २६ मिमीचा टोकदार, आणि चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.५ मिमीच्या आसपास आहे का ते मोजा. ॲक्सलचं टोक ज्यात फिरतं त्या पितळी बेअरिंगसाठी बोगी फ्रेममधे (डब्याखालची चाकं धरणारी चौकट) २ मिमीचं भोक हाताने फिरवायच्या ड्रिलने थोडं थोडं करत पाडा, भिंत पातळ असते, आरपार गेलं की बाहेरून दिसतं. बोट लावून फिरवलं की चाक बराच वेळ फिरत राहिलं पाहिजे, आणि ॲक्सल किंचित डावी-उजवीकडे हललाही पाहिजे. आता दोन बोगी फ्रेमपैकी एक फक्त वळेल आणि पुढे-मागे झुकेल अशी बसवा, दुसरी डावी-उजवीकडेही डोलू द्या. तिपाई कशी कुठल्याही जमिनीवर बसते तसंच हे, दोन्ही फ्रेम घट्ट असतील तर रूळ जरा वाकडा असला तरी एक चाक हवेत जातं आणि डबा उतरतो. वजन दर ॲक्सलला २५ ग्रॅम हा सोपा हिशोब, चार ॲक्सलच्या डब्याला १०० ग्रॅम, आणि ते खाली डब्याच्या तळावर ठेवा, टपात नाही.

रंगाला करडा प्रायमर हवाच, कारण गडद रंगाच्या प्लास्टिकवर फिकट रंग मळकट दिसतो. लाल-क्रीम डबा असेल तर क्रीम आधी, मग मास्किंग टेप लावून लाल. त्यावर ग्लॉस वार्निश, मग लायनिंग (डब्यावरच्या बारीक रेघा), मग पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची अक्षरं, कारण मॅट पृष्ठभागावर अक्षरांखाली हवा राहून चंदेरी डाग दिसतात. शेवटी सॅटिन वार्निश, पण काचा लावायच्या आधी, नंतर मारलं तर काचाही धुरकट होणार.

जुन्या काचा पिवळ्या पडल्या असतील तर ०.२५ मिमीच्या पारदर्शक शीटच्या कापा. सुपरग्लू काचेजवळ आणूच नका, त्याच्या वाफेने पांढरा धूर बसतो, पांढरा पीव्हीए गोंद बेस्ट. आतल्या भिंती आणि सीटं काच लावायच्या आधी रंगवा, खिडकीतून उघडं प्लास्टिक दिसलं की बाहेरची सगळी मेहनत वाया जाते.

टपाला आतून प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवा, साइडच्या आत घट्ट बसतील इतक्या अंतरावर, म्हणजे तो नुसता दाबून बसतो आणि नखाने उचलला की निघतो. एखादी काच सुटली, कुणाला आत प्रवासी बसवावेसे वाटले, तर हात सहज जातो.