एका बाजूची सेरेब्रल पाल्सी: मुलाच्या हाताला बळ देताना सुरुवात मनगटापासून

सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूची वाढ होत असतानाच त्याला झालेल्या इजेमुळे, ज्या मुलाची एकच बाजू अधू असते, त्याची आवळलेली मूठ पाहून घरोघरी मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम सुरू होतो. माझ्या मते सुरुवात तिथून करू नये. आपलेच मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवून मूठ घट्ट आवळून पाहावी; ती आवळतच नाही. या मुलांचे मनगट बहुधा असेच वाकलेले असते, म्हणून आधी मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंना बळ द्यावे आणि मग पकडीकडे वळावे. ताकदीच्या व्यायामाने ताठरपणा वाढतो अशी समजूत पूर्वी उपचारतज्ज्ञांमध्येही होती, पण पुढच्या अभ्यासांत तसे आढळले नाही. ताठर स्नायू बळकट असतो असेही नाही. तो ताठर असूनही अशक्तच असतो.

व्यायामाआधी हात उघडून घ्यावा. बोटे ओढू नयेत. मनगट हलकेच खाली वाकवले की बोटे आपोआप सैल होतात. मग अंगठा टोकाशी न धरता बुडाशी धरून तळव्याबाहेर आणावा आणि बोटे सरळ ठेवूनच मनगट सावकाश वर घ्यावे.

आता मुलाला पाय जमिनीला टेकतील अशा खुर्चीवर बसवावे, कोपरापासूनचा हात टेबलावर पालथा ठेवावा आणि पंजा कडेबाहेर येऊ द्यावा. छोट्या बाटलीत 100 मिलिलिटर पाणी भरून ती त्याच्या हातात द्यावी आणि मनगट वर उचलून तीन आकडे मोजेपर्यंत धरायला सांगावे. असे 8 ते 12 वेळा करून थोडी विश्रांती घ्यावी आणि पुन्हा एक-दोन फेऱ्या कराव्यात. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. सगळेच सहज जमू लागले की 50 मिलिलिटर पाणी वाढवावे, म्हणजे वजन 50 ग्रॅमने वाढते. पकड टिकत नसेल तर पंजावर वाळूची लहानशी पुरचुंडी ठेवावी, आणि तेही जमत नसेल तर पावडर भुरभुरलेल्या ताटात अंगठा वर ठेवून पंजा मागच्या बाजूला सरकवू द्यावा. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, इतके पुरेसे आहे. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात.

मात्र ही ताकद कामात उतरली नाही तर टिकत नाही, आणि यासाठी आपल्या स्वयंपाकघरासारखी जागा नाही. कणीक मळताना तळवा दाबला जातो आणि मनगट आपोआप वर येते; लाटणे दोन्ही हातांनीच धरावे लागते. मटार सोलणे, ओला पंचा पिळणे, डबा अधू हाताने धरून चांगल्या हाताने झाकण काढणे, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणे ही कामे एका हाताने नीट होत नाहीत, म्हणून ‘तो हात वापर’ असे सारखे टोकावेही लागत नाही. अधू हात चांगल्या हाताइतका चपळ होईल अशी अपेक्षा ठेवू नये. तो भरवशाचा मदतनीस झाला तर मुलाची शर्टाची बटणे आणि दप्तराची चेन त्याची त्यालाच लावता येतील.

चांगला हात घरच्या घरी बांधून ठेवू नये. त्या पद्धतीचे उपचार आहेत, पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावेत. अनेक मुलांना अधू हातात स्पर्श कमी जाणवतो, त्यामुळे गरम तवा आणि विळी त्या हातापासून दूर असाव्यात आणि व्यायामानंतर त्वचा पाहावी. दुखू लागले तर थांबावे. ताठर स्नायू सैल करणारे बोटॉक्सचे इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर आधी आपल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामे जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला) विचारावे.

बाटलीवर पाण्याच्या पातळीशी तारीख घालून पेनने खूण करावी आणि दर वेळी ती खूण मुलालाच करू द्यावी, बाटली अधू हाताने धरून.