न्यूक्लिओ बोर्डासाठी उबंटू लॅपटॉपची तयारी

न्यूक्लिओ-एफ४४६आरई हा एसटी कंपनीचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि उबंटू २२.०४ (लिनक्स) चा लॅपटॉप धरून ही यादी आहे. सुरुवात केबलपासून करा. बोर्डाला मिनी-यूएसबी लागते, आणि घरातल्या जुन्या केबलींपैकी काही नुसत्या चार्जिंगच्या निघतात. बोर्डावरचा एसटी-लिंक (मुख्य चिपमध्ये प्रोग्रॅम भरणारा भाग) आधी कॉम्प्युटरकडे ३०० मिलिअँपियर मागतो आणि मिळाले तरच मुख्य चिपला वीज देतो. त्यामुळे डेटाच्या तारा नसलेल्या केबलवर एलडी१ हा दिवा लाल लुकलुकत राहतो, एलडी३ हा दिवा पेटत नाही. केबल बदला आणि 'एलएसयूएसबी' (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी कमांड) चालवा. ०४८३:३७४बी हा एसटी-लिंकचा क्रमांक दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. डब्ल्यूएसएल२ मध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) यूएसबी आपोआप पोचत नाही, यूएसबीआयपीडी या प्रोग्रॅमने जोडावी लागते. शिकताना ड्युअल बूटच (विंडोजशेजारी उबंटू वेगळं बसवणंच) बरं.

मग परवानगी. स्वतःचं खातं 'डायलआउट' (सिरियल पोर्ट वापरू देणाऱ्या) ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या, नाहीतर बदल लागू होत नाही. प्रत्येक कमांडला सुडो लावायची (ती रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, हक्कांनी चालवायची) सवय मात्र नको. बिल्ड फोल्डरमधल्या फायली रूटच्या नावावर जातात आणि पुढचा साधा 'मेक' (बिल्डची कमांड) अडतो. सीएच३४० चिपचा यूएसबी-सिरियल अडॅप्टर लावताच गायब होत असेल तर बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम त्याला ब्रेल यंत्र समजून पकडतोय. ब्रेल यंत्र कुणी वापरत नसेल तर तो काढून टाका.

एपीटीने (उबंटूच्या पॅकेज कमांडने) गिट, सीमेक, जीसीसी-आर्म-नन-ईएबीआय (कंपाइलर), जीडीबी-मल्टिआर्क (डीबगर), ओपनओसीडी (एसटी-लिंकमार्फत चिपशी बोलणारा प्रोग्रॅम), पिकोकॉम (सिरियल टर्मिनल) घ्या. कंपाइल आणि लिंक दोन्हीकडे कॉर्टेक्स-एम४ (चिपचा प्रोसेसर), थंब (त्याचा सूचनासंच), हार्ड फ्लोट (दशांश गणित हार्डवेअरमध्ये) हेच फ्लॅग हवेत. एखादी लायब्ररी सॉफ्ट फ्लोटची राहिली की लिंकर व्हीएफपी (दशांश गणिताच्या हार्डवेअर) रजिस्टरची तक्रार करून थांबतो.

आता बोर्डाची फाइल देऊन ओपनओसीडी सुरू करा. '६ ब्रेकपॉइंट, ४ वॉचपॉइंट' अशी ओळ आली की चिपशी बोलणं जमलं. जीडीबी ३३३३ पोर्टवर जोडा आणि पीए५ पिनवरचा हिरवा दिवा लुकलुकवून बघा.

शेवटी सिरियल: चिपचा यूसार्ट२ हा सिरियल पोर्ट, ट्रान्समिट पीए२ पिनवर, वेग १,१५,२०० बॉड. पिकोकॉममध्ये कचरा अक्षरं आली तर केबलला दोष देऊ नका, चिपचं घड्याळ (क्लॉक) बघा. एसटीच्या हॅलमध्ये (तयार कोडच्या लायब्ररीत) एचएसई_व्हॅल्यू, म्हणजे बाहेरच्या घड्याळाचा हर्ट्झमधला वेग, मुळात २,५०,००,००० असते आणि या बोर्डावर एसटी-लिंककडून येतात ८ मेगाहर्ट्झ. आकडा ८०,००,००० करा, पीएलएलचे (त्या घड्याळापासून चिपचा वेग बनवणाऱ्या भागाचे) भाजक त्याप्रमाणे बदला आणि प्रोग्रॅम चिपमध्ये पुन्हा फ्लॅश करा.