ऑक्टोबर छाटणीच्या आधी मिनी ट्रॅक्टर घेताय? हायड्रोस्टॅटिक की गिअरवाला, आणि गिअरवाला तर नेमका कोणता

दसऱ्याच्या मुहूर्तावर मिनी ट्रॅक्टर उचलायचा म्हणून निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडचे बरेच द्राक्ष बागायतदार आत्ता शोरूमच्या चकरा मारतायत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला तेव्हापासून तर ज्यांचं दोन वर्षं नुसतं बघू-बघू चाललं होतं तेही कोटेशन काढून बसलेत. यूट्यूबवर परदेशातले छोटे ट्रॅक्टर बघून एक प्रश्न हमखास येतो, की तो क्लच-गिअर नसलेला, नुसत्या पेडलवर पुढं-मागं पळणारा हायड्रोस्टॅटिक आपण घ्यावा का. द्राक्षवाल्यांना माझं उत्तर सरळ आहे: गिअरवालाच घ्या. पण गिअर-गिअरमध्ये फरक असतो आणि तो न बघता फक्त एचपी आणि किंमत बघून सही केली तर छाटणीनंतरच्या फवारण्यांत रोज त्याचा त्रास होतो.

आधी हे हायड्रोस्टॅटिक काय असतं ते बघू. इंजिनवर एक पिस्टन पंप फिरत असतो, तो दाबाखाली तेल ढकलतो, त्या तेलावर एक मोटर फिरते आणि मोटर चाकं फिरवते. पेडल दाबलं की पंपातली एक तिरकी प्लेट कलते, जितकी कलली तितकं तेल जास्त, तितका वेग जास्त, उलटी कलली की रिव्हर्स. पेडल सोडलं की ट्रॅक्टर जागेवर. लो-हाय अशी एक रेंजची दांडी असते ती थांबून बदलायची, बाकी चालताना गिअर टाकायचा विषयच नाही. ही काही कालची गोष्ट नाही, अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६७ ला असा ट्रॅक्टर बाजारात आणला होता. आणि आपल्याकडेही भंडारा-गोंदियात धान कापायला येणारं कुबोटाचं ट्रॅकवालं हार्वेस्टर ज्यांनी बघितलंय त्यांनी हायड्रोस्टॅटिक बघितलेलाच आहे, फक्त नाव माहीत नसतं. मिनी ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मात्र आपल्याकडे सहसा गिअरवालेच उभे असतात.

आता बागेत याचा संबंध कुठं येतो? ब्लोअरमध्ये, म्हणजे पंख्याच्या हवेनं औषध मारणाऱ्या फवारणी यंत्रात. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा अवजार फिरवणारा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर फिरला तरच ब्लोअरचा पंखा पूर्ण हवा मारतो आणि पंपातून पुरेसं पाणी मिळतं. ५४० साठी इंजिनचे आरपीएम ठरलेले. गिअरवाल्या ट्रॅक्टरमध्ये आरपीएम ठरले म्हणजे त्या गिअरचा वेगही ठरला, मधलं काही मिळत नाही. हायड्रोस्टॅटिकमध्ये रेस तीच ठेवून पेडलनं तीन, साडेतीन, चार, पाहिजे तो वेग घ्या, पीटीओ हलत नाही. खरा फायदा हा आहे, क्लच मारायला लागत नाही हा त्यामानाने किरकोळ.

गिअरवर काय होतं ते आकड्यात बघा. ओळीतलं अंतर ९ फूट, म्हणजे २.७४ मीटर. सगळे नोझल मिळून मिनिटाला २० लिटर पाणी बाहेर पडतंय. हिशेब असा: मिनिटाचे लिटर गुणिले ६००, भागिले ताशी किलोमीटर, परत भागिले मीटरमधलं अंतर, आलं हेक्टरी पाणी, एकरी पाहिजे तर त्याला अडीचनं भागा. ताशी ४ किमीला एकरी साधारण ४४० लिटर बसतं. आता समजा तुमच्या ट्रॅक्टरला ५४० पीटीओवर लो थर्ड ३.२ चा आहे आणि पुढचा हाय फर्स्ट एकदम ५.५ चा. लो थर्डला एकरी ५५० लिटर जाणार, हाय फर्स्टला ३२०. मधलं ४४० पाहिजे असेल तर? नोझलच्या चकत्या बदलून जुळवता येतं, नाही असं नाही, पण छाटणीनंतर कॅनोपी, म्हणजे पानांचा पसारा, दर आठवड्याला वाढते आणि दर आठवड्याला कोण चकत्या बदलत बसतो. मग ड्रायव्हर काय करतो, हाय फर्स्ट टाकतो आणि रेस कमी करतो. ट्रॅक्टर हळू झाला खरा पण पंखाही हळू झाला, हवा कमी, थेंब मोठे, बाहेरची पानं न्हाऊन निघतात आणि आतल्या पानांची खालची बाजू कोरडीच राहते, आणि डाऊनी, म्हणजे केवडा रोग, बसतो तो नेमका पानाच्या खालच्या बाजूला. लोक औषधाला शिव्या घालतात.

म्हणून शोरूममध्ये गिअर किती आहेत हे विचारू नका, ५४० पीटीओच्या आरपीएमला ताशी ३ ते ६ किमीमध्ये किती गिअर बसतात हे विचारा. सेल्समनला बऱ्याचदा सांगता येत नाही, ट्रॅक्टरच्या पुस्तकात स्पीडचा तक्ता असतो तो उघडायला लावा. तक्ता रेटेड आरपीएमचा असेल आणि पीटीओ ५४० त्याच्या खाली येत असेल तर वेगही त्या प्रमाणात कमी धरायचा. बारा पुढचे गिअर असून त्यातले चार क्रीपर, म्हणजे अगदी रांगत चालायचे, आणि चार रोडवर पळायचे असतील तर फवारणीला उरले किती, तो हिशेब तुम्हीच करा. या पट्ट्यात तीन गिअर मिळाले तर तो ट्रॅक्टर बागेला चांगला.

दुसरी गोष्ट क्लच, आणि माझ्या मते हीच सगळ्यात जास्त दुर्लक्षित होते. ९ फुटी बागेत एका एकरात ओळींची एकूण लांबी साधारण १४७५ मीटर भरते, ओळ ६० मीटरची धरली तर पंचवीसेक वळणं. पाच एकराला एका फवारणीत सव्वाशे वळणं. प्रत्येक वळणाला क्लच दाबला जातो, जागा कमी असेल तर रिव्हर्सही टाकावा लागतो. सिंगल क्लच असेल तर क्लच दाबला की पीटीओची ताकदही तुटते, प्रेशर पडतं, आणि ओळीत शिरताना पहिली दोन-चार झाडं अर्ध्या प्रेशरवर जातात. बांधाकडच्या झाडांवर रोग आधी का दिसतो याची कारणं बरीच आहेत, पण त्यातलं एक हे असू शकतं. सिंगल क्लचचा अजून एक तोटा म्हणजे फिरत्या पंख्याचा जोर पीटीओ शाफ्टमधून उलटा गिअरबॉक्सला येतो आणि क्लच दाबूनही ट्रॅक्टर थोडा पुढं सरकतो, बांधाला विहीर किंवा शेततळं असेल तर हे लक्षात असू द्या. तेव्हा डबल क्लच तरी पाहिजेच, अर्धा दाबला की चाकं थांबतात, पीटीओ चालू. पीटीओचा वेगळा क्लच असेल तर उत्तमच.

गिअरबॉक्सचे प्रकार थोडक्यात सांगतो. स्लायडिंग मेश, म्हणजे गिअर सरकवून एकमेकांत अडकवायचे, हा स्वस्त, दणकट, गावातला मिस्त्री पण खोलतो, पण ट्रॅक्टर पूर्ण थांबल्याशिवाय गिअर टाकला की खर्रर्र आवाज आलाच. कॉन्स्टंट मेश, ज्यात गिअर कायम एकमेकांत अडकलेले असतात, तो त्यापेक्षा मऊ. सिंक्रो शटल म्हणजे स्टेअरिंगजवळच्या दांडीनं पुढं-मागं, वळणाला खूप सोयीचं. महिंद्राने १५ ऑगस्ट २०२३ ला केपटाऊनला ओजा सिरीज दाखवली त्यात हे शटल आहे. ज्यांच्या बागेत वळायला दहा-बारा फूटच जागा सोडलीय त्यांनी शटलचे जास्तीचे पैसे द्यावेत, ज्यांनी ट्रॅक्टर एका दमात वळेल एवढी जागा ठेवलीय त्यांना गरज नाही.

मग हायड्रोस्टॅटिक एवढा सोयीचा आहे तर नको का म्हणतोय? एक म्हणजे ताकद. तेलातून ताकद नेताना काही भाग उष्णतेत जातो. कुबोटाचा एल २५०१ हा अमेरिकेतला चांगला खपणारा ट्रॅक्टर, इंजिन २४.८ एचपीचं, गिअरवाल्याला पीटीओला २०.५ एचपी मिळतात, हायड्रोस्टॅटिकवाल्याला १९. म्हणजे दीड एचपी तिथंच गेला. मोठ्या ट्रॅक्टरला दीड एचपी काही नाही, पण आपण चोवीस एचपीवर ६०० लिटरचा ब्लोअर ओढतो, ओल्या काळ्या जमिनीत, तिथं तो जाणवतो. रोटाव्हेटरला आणि क्रेट भरलेल्या ट्रॉलीला चढावर अजून जास्त, तेल तापतं. दुसरं म्हणजे तेल आणि फिल्टर. यात कंपनीनं सांगितलेलंच ट्रान्समिशन ऑइल घालायचं असतं, डब्यात उरलेलं कुठलंही हायड्रॉलिक तेल ओतून चालत नाही, आणि धूळ किंवा पाणी आत गेलं तर पंपच जातो. पंप उघडणारा माणूस तालुक्याला आहे का, हा प्रश्न आधी. बॅटरी उतरली तर चार जणांनी ढकलून चालू करायची आपली पद्धत इथं चालत नाही. आणि उतारावर इंजिन बंद करून उभा केला तर हँडब्रेक लावलाच पाहिजे, इंजिन बंद असताना तेलाच्या भरवशावर तो जागेवर राहत नाही.

तिकडच्या लोकांना तो का आवडतो हेही समजून घ्या. त्यांचं काम म्हणजे गवत कापणं, पुढं लोडर लावून माती-खत उचलणं, बर्फ ढकलणं, सगळं पुढं-मागं, पुढं-मागं. तिथं क्लचवाला माणूस दमून जातो. आपल्याकडे कोणाचा पन्नास-साठ म्हशींचा गोठा असेल, पोल्ट्रीचं खत रोज लोडरनं काढायचं असेल, आणि जवळ सर्व्हिसची खात्री असेल तर त्यानं हायड्रोस्टॅटिक मिळाल्यास जरूर बघावा, त्याचं गणित वेगळं आहे.

डेमो शोरूमच्या डांबरावर घेऊ नका. तुमच्या बागेत, तुमचाच ब्लोअर जोडून, टाकीत नुसतं पाणी भरून घ्या. ओळीत ५० मीटर मोजून दोन खुणा करा, पीटीओ ५४० ला लावा आणि मोबाईलवर वेळ धरा: ४५ सेकंद लागले तर ताशी ४ किमी, ३६ लागले तर ५. प्रत्येक कामाच्या गिअरला हे करा आणि कागदावर लिहा. वळणावर क्लच अर्धा दाबून पंख्याच्या आवाजाकडे लक्ष द्या, आवाज बसला की समजायचं पीटीओ तुटला. स्टेअरिंग, बोनेट आणि मागं दुमडायची पाइप (ट्रॅक्टर उलटला तर ड्रायव्हरला वाचवणारी) मांडवाच्या तारांना लागते का तेही तेव्हाच कळतं.

आणि बुकिंग दसऱ्याचं असलं तरी डिलिव्हरी छाटणीच्या किमान पंधरा दिवस आधी मागा. पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांना असते, पाच एकराला एका फवारणीचे वळणं आणि पाणी भरणं धरून सव्वातीन-साडेतीन तास लागतात, म्हणजे पंधराएक फवारण्यांत ५० तास भरले, आणि पाऊस लागला तर तेवढ्या फवारण्या फुलोऱ्यापर्यंतच होतात. नेमक्या त्या दिवसांत ट्रॅक्टर दोन दिवस वर्कशॉपला उभा ठेवायची वेळ येऊ नये म्हणून रोटाव्हेटरचे, खत वाहायचे तास आधीच घालून घ्या किंवा डीलरकडून बागेत येऊन सर्व्हिस करायचं लिहून घ्या, तोंडी नको.