फाइलीवर एक कागद चिकटवून ठेवा

वहिनीला ३२व्या आठवड्यात रात्री कळा आल्या आणि राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतून गाडी काढायची सोडून आम्ही सोनोग्राफीचे रिपोर्टच शोधत बसलो. कळा थांबल्या, देवाची कृपा, पण घरी आल्याबरोबर फाइलीवर सेलोटेपने कागद लावला, मोठ्या अक्षरात:

१. ब्लड ग्रुप, शेवटच्या पाळीची तारीख, बीपी-शुगर, चालू गोळ्या, ॲलर्जी
२. बाळाच्या फुप्फुसांसाठी देतात ते स्टेरॉइडचं इंजेक्शन झालंय का, कधी
३. एनआयसीयूवालं (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेलं) हॉस्पिटल, निघताना फोन करून बेड विचारायचा, आणि १०८

फोटो दादाच्या नि आईच्या मोबाईलमध्येपण, कारण फाइल ऐनवेळी कपाटात राहते.

३७ आठवड्यांआधी पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा पोट थोड्याथोड्या वेळाने कडक व्हायला लागलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच निघा.