घरातल्या माणसाने पाठवलेला ‘फॉरवर्ड’ त्याच्यासोबत बसून कसा तपासावा

धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. मंगळवेढ्याकडून पोट भरण्यासाठी आलेली ही माणसे होती. अशा टोळ्यांचे संदेश तेव्हा मोबाइलवरून गावोगाव फिरत होते, म्हणून घरातल्या कोणी असा संदेश दाखवला तर तो हसण्यावारी नेऊ नये.

‘हे खोटे आहे’ असे तोंडावर म्हणणे आधी टाळावे. माझे चुलते असा एखादा व्हिडिओ दाखवताना हमखास म्हणतात, ‘पेपरवाले हे छापणार नाहीत.’ खरी गाठ या वाक्यातच असते, कारण ते एकदा मान्य केले की बातमी कुठेही आली नाही, हाच ती खरी असल्याचा पुरावा ठरतो आणि तपासण्याची वाटच बंद होते. त्यामुळे वाद न घालता शांतपणे विचारावे : ‘काका, हे कोणत्या गावचे, कधीचे? काय दिसले तर तुम्हाला हे खरे नाही असे वाटेल?’ उत्तर लगेच मिळाले नाही, तरी घाई करू नये.

मग फोन त्यांच्याच हातात ठेवून शोध घ्यावा. व्हॉट्सॲपच्या संदेशावर ‘फॉरवर्ड’चा दुहेरी बाण असेल, तर तो अनेक हातांतून आलेला आहे आणि पाठवणाऱ्यालाही त्याचा उगम ठाऊक नसण्याचीच शक्यता अधिक आहे. व्हिडिओ थांबवून त्या दृश्याचा स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये (चित्रावरून शोध घेणाऱ्या सोयीत) टाकावा आणि मूळ, पूर्ण चित्रफीत शोधावी. २०१८ मध्ये देशभर फिरलेल्या एका तुकड्यात मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांतून एकाला उचलून नेतात. तो कराचीतील जनजागृतीच्या चित्रफितीतला होता. पूर्ण चित्रफितीत ते दोघे परत येऊन मुलाला खाली ठेवतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. नेमका तेवढाच भाग कापलेला होता.

यूट्यूबवरील छोट्या वाहिन्या सरसकट त्याज्य मानणे मला अन्यायाचे वाटते. गावच्या पाण्याचा प्रश्न पुष्कळदा त्याच मांडतात. मात्र वृत्तपत्राच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असतात, तशी जबाबदारी घेणारे नाव त्या वाहिनीवर आहे का आणि चुकल्यावर तिने कधी दुरुस्ती दिली आहे का, हे पाहावे.

मूळ चित्रफीत सापडली, तर तुकडा ज्या ग्रुपवर आला त्याच ग्रुपवर ती टाकावी, आणि ती शक्यतो काकांनीच टाकावी. तुकडा पाठवणाऱ्याचे नाव घेऊ नये. गावात खरोखरच संशयास्पद काही दिसले, तर ग्रुपवर न लिहिता ११२ वर फोन करावा.