साथीच्या काळात गरोदर बाई आणि तान्हं बाळ : घरी काय सांभाळावं, दवाखाना कधी गाठावा

कोरोना झालेल्या बहुतेक लहान मुलांचा आजार सौम्यच राहिला. घात केला तो चुकलेल्या तपासण्यांनी, राहून गेलेल्या लसींनी आणि भीतीपोटी सुरू केलेल्या वरच्या दुधाने. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगावात गोवराने डोकं वर काढलं, त्यामागे साथीच्या काळात राहिलेले डोस हे एक मोठं कारण होतं. म्हणून पुढची साथ कसलीही येवो, घरातल्या आई-बाळाचं नेहमीचं वेळापत्रक अडू न देणं हे पहिलं काम. सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात ते कसं जमवायचं, ते पुढे दिलं आहे.

गरोदरपणातल्या तपासण्या

माता-बाल संरक्षण कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो काढून नवऱ्याच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवा. कार्ड हरवलं किंवा दुसऱ्याच दवाखान्यात धावावं लागलं, तर रक्तगट आणि मागचा रक्तदाब तिथूनच कळतो.

किमान चार तपासण्या लागतात : पहिल्या १२ आठवड्यांत एक, १४ ते २६ मध्ये दुसरी, २८ ते ३४ मध्ये तिसरी आणि ३६ नंतर चौथी. साथीत नेमक्या तिसरी आणि चौथी बुडतात, आणि रक्तदाब चढतो तो बहुधा याच काळात. फोनवर डॉक्टरांशी बोलून बाकी पुष्कळ भागतं, पण रक्तदाब, लघवीतली प्रथिनं आणि हिमोग्लोबिन यांसाठी जावंच लागतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर महिलांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. गर्दी टाळायची असेल तर आशाताईंना आदल्या दिवशी वेळ विचारून जा.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. कॅल्शियमच्या दिवसाला दोन. या दोन्ही एकत्र घेऊ नका, कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. चहाचंही तसंच आहे. भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन लगेच वर कपभर चहा घेतला, तर त्या जेवणातलं बरंचसं लोह वाया जातं. चहा तासाभराने घ्या, जेवणात लिंबू पिळा. निर्बंध लागण्याची चिन्हं दिसली की दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम मागून घ्या.

ज्येष्ठमध घातलेला काढा गरोदरपणात नको, त्याने रक्तदाब वाढू शकतो. साथीची लस गरोदर महिलांना मंजूर झाली असेल तर ती टाळू नका. कोविडची लस भारतात जुलै २०२१ पासून त्यांना दिली जाऊ लागली.

२८ आठवड्यांनंतर बाळाच्या हालचालीवर लक्ष ठेवा. काही खाऊन डाव्या कुशीवर झोपा आणि मोजा. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, १४०/९० किंवा त्याहून जास्त रक्तदाब आणि ऑक्सिमीटरवर ९५ च्या खाली आकडा, यांतलं काहीही दिसलं तर साथ आहे म्हणून घरी थांबू नये. ऑक्सिमीटर लावण्याआधी नेलपॉलिश पुसा, गडद मेंदी असेल तर दुसरं बोट निवडा, हात गार असेल तर चोळून ऊब आणा आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा.

बाळंतपणाची तयारी ३६ व्या आठवड्यात

जिथे बाळंतपण ठरलं आहे तिथे आधीच विचारून ठेवा : आईची चाचणी पॉझिटिव्ह आली तर इथेच घेणार की पुढे पाठवणार? ऐन कळांत एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरणं हा साथीतला सगळ्यात मोठा धोका. करमाळा किंवा माळशिरसहून सोलापूरचं सिव्हिल गाठायला दोन तासांहून जास्त लागू शकतात, म्हणून जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कोणतं आणि तिथे सिझेरियन होतं का, हे माहीत हवं. १०८ आणि १०२ चे नंबर भिंतीवर लिहा. शिवाय ओळखीच्या एका गाडीवाल्याशी बोलून ठेवा आणि गरोदर बाईच्याच रक्तगटाचे दोन रक्तदाते ठरवून ठेवा.

घरी सोडण्याआधी बाळाच्या बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बी या तिन्ही लसी झाल्या का, ते कार्डावर पाहूनच निघा. हिपॅटायटिसचा पहिला डोस २४ तासांच्या आत द्यायचा असतो. साथीत लवकर घरी सोडतात, आणि या गडबडीत तोच सुटतो.

आईला साथीचा आजार झाला तर

कोविडमध्ये आईचं दूध बंद करायची गरज नव्हती. दुधातून आजार पसरत असल्याचा पुरावा नाही, उलट त्या दुधातून बाळाला आईची प्रतिकारशक्ती मिळते. नवी साथ आली तर तिच्याबद्दलचा सल्ला डॉक्टरांकडून घ्या, पण आपल्याच मनाने अंगावरचं तोडू नका. तुटलेलं दूध पुन्हा आणणं फार कष्टाचं असतं.

पाजायची पद्धत अशी : नाक-तोंड पूर्ण झाकेल असा मास्क लावा, साबणाने हात धुवा, मग बाळ घ्या. छातीवर खोकला उडाला असेल तरच छाती साबण-पाण्याने धुवा, प्रत्येक वेळी नको, त्वचा भेगाळते. पाजून झालं की बाळाला हवेशीर जागी, शक्यतो सहा फुटांवर झोपवा. एकाच खोलीचं घर असेल तर दार-खिडकी उघडी ठेवा आणि बाळाचं सगळं एकाच निरोगी माणसाने बघावं. बाळाला मास्क लावू नये, पाच वर्षांखालच्या मुलांना तो सुचवलेलाच नाही.

आई फार थकली असेल तर दूध पिळून स्वच्छ वाटीत घ्या आणि चमच्याने पाजा. बाटली नको. पिळलेलं दूध साध्या हवेत चार तासांपर्यंत चालतं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तेवढाही भरवसा धरू नका, पिळलं की लगेच पाजा. आणि हो, उन्हाळा कितीही तापला तरी सहा महिन्यांखालच्या बाळाला पाणी, घुटी, मध यांतलं काही लागत नाही. दूध पाजण्याच्या वेळा वाढवल्या की तहान भागते.

घरी विड्या वळत असाल तर बाळाला घेण्याआधी हात कोपरापर्यंत धुवा आणि अंगावरचा पदर किंवा वरचा कपडा बदला. तंबाखूची धूळ कपड्यांत बसते. बाळंतिणीच्या खोलीत ओवा-शेपेची धुरी करू नका. खोकणाऱ्या आईला आणि तान्ह्या बाळालाही धुराचा त्रासच होतो.

नळ काही दिवसांआड येतो, तेव्हा हात कसे धुवायचे

शहरात साठवलेल्या पाण्यावरच घर चालतं. पिंपात मग बुडवून हात धुतले की आजारी माणसाचा हात सगळ्यांच्या पाण्यात जातो. त्यापेक्षा तळाशी तोटी असलेलं वीस लिटरचं पिंप स्टुलावर ठेवा आणि खाली बादली लावा. हात ओले करून तोटी बंद करा, वीस सेकंद साबण चोळा. बोटांच्या बेचक्या आणि नखं सुटतात, तिथे लक्ष द्या. मग तोटी उघडून धुवा. असं केलं तर तांब्याभर पाण्यातच काम होतं. बादलीतलं पाणी मोरीला किंवा संडासाला वापरता येतं.

पिण्याचं पाणी ओगराळ्याने काढा. सगळी पिंपं घट्ट झाका आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासा. डेंगीचा डास असल्याच साठ्यात वाढतो, आणि साथीच्या तापात डेंगीचा ताप ओळखायला उशीर होतो. सॅनिटायझर मुलांच्या हाती लागेल असं ठेवू नका आणि तो लावून लगेच गॅसजवळ जाऊ नका.

राहिलेल्या लसी

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस, ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा गोवर-रुबेला व बूस्टर, हे मुख्य टप्पे. एखादा डोस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, जिथे थांबलं तिथून पुढे चालायचं. पेंटाच्या (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीच्या) दोन डोसांत मात्र किमान चार आठवडे हवेत. साधी सर्दी असेल तर लस चालते. मुलाला साथीचा आजार झाला असेल तर बरं झाल्यावर नर्सबाईंना विचारून नवी तारीख घ्या. सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोटकडे घरातल्या आजीला तेलुगू किंवा कन्नड जवळची असेल, तर तारीख तिला तिच्या भाषेत सांगून ठेवा. बाळ घेऊन केंद्रावर जाते ती बहुतेकदा तीच.

ताप आणि श्वास

आधी श्वास मोजायला शिका. मूल शांत किंवा झोपलेलं असावं, रडताना किंवा नुकतंच प्यायल्यावर मोजू नये. झबलं वर करा, फोनवर एक मिनिटाची वेळ लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण साठ सेकंद मोजा. तीस सेकंद मोजून दुप्पट करू नका, तान्ह्यांचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच भरभर चालतो. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५०, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त आला तर तो वेगवान श्वास. दोन महिन्यांखालच्या बाळाचा ६० आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करा आणि निघा. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल तर मोजत बसू नका, दवाखाना गाठा.

उन्हाळ्यात दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ नुसत्या उबेनेही तापतं. कपडे सैल करा, अर्ध्या तासाने काखेत थर्मामीटर लावा. दोन महिन्यांखालच्या बाळाला ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, ९६ च्या खाली गार अंग, दूध ओढायला नकार, सुस्ती किंवा झटके असतील तर थेट दवाखाना. इतक्या लहान बाळाला घरी तापाचं औषध देऊ नये.

मोठ्या मुलांत पॅरासिटामॉलची चूक ठरलेली असते. वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम हे माप, म्हणजे १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम. पण ५ मिलित १२० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ते सहा मिलि होतं, २५० चं असेल तर तीन, आणि १ मिलित १०० मिलिग्रॅमचे थेंब असतील तर जेमतेम दीड. थेंबांची बाटली सिरपच्या मापाने दिली तर चौपट औषध पोटात जातं. बाटलीवरचा आकडा वाचा, तिच्याबरोबरच्याच मापाने द्या, दोन वेळांत सहा तास ठेवा. उरलेली अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडची औषधं कुणाच्या व्हॉट्सअॅप निरोपावरून देऊ नका. मुलाला उकळत्या पातेल्याची वाफ तर नकोच, त्यात फार मुलं भाजली आहेत.

जुलाब लागले तर ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, थोड्या पाण्यात अर्धं पाकीट असं नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलि चमच्याचमच्याने द्या. झिंक १४ दिवस : दोन ते सहा महिने वयाला १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा.

घरातलं उत्पन्न घटलं की

यंत्रमाग बंद, विडीचं काम बंद, अशा वेळी सगळ्यांत आधी मुलाच्या ताटातली डाळ, अंडं आणि तेल कमी होतं. अंगणवाडीचा घरपोच आहार मुलासाठी वेगळा ठेवा, सगळ्यांच्या डब्यात मिसळू नका. सहा महिने पूर्ण झालेल्या मुलाला भाकरी डाळीत कुस्करून, वर तेल किंवा तूप घालून दोन-तीन चमच्यांनी सुरुवात करा. नऊ महिन्यांपर्यंत अर्धी वाटी दिवसातून दोन-तीनदा, सोबत अंगावरचं दूध. महिन्यातून एकदा अंगणवाडीताईंकडून दंडाचा घेर मोजून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते अतितीव्र कुपोषण आहे, त्याच आठवड्यात दवाखान्यात दाखवा. साडेबारापेक्षा कमी असेल तर आहार वाढवा आणि पुन्हा मोजा.

बरं झाल्यानंतरचे सहा आठवडे

कोविडनंतर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना पुन्हा ताप येतो. ताप तीन दिवसांहून जास्त राहिला आणि सोबत लाल डोळे, अंगावर पुरळ, पोटदुखी, उलट्या किंवा हातपाय गार पडणं असं काही दिसलं, तर ते दुखणं साधं समजू नका. त्या मुलाला बालरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयातच न्या, आणि घरात कुणाला, कधी कोविड झाला होता ती तारीख डॉक्टरांना न विचारताच सांगा.