सीटी स्कॅनला नवीन लागलेल्यांसाठी: कॉन्ट्रास्टच्या आधी मासळीचं नको, हे विचारा

क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) का बघायचं, प्लेन (औषधाशिवाय) स्कॅन कधी नि कॉन्ट्रास्ट (स्कॅन स्पष्ट दिसावा म्हणून शिरेतून द्यायचं आयोडीनवालं औषध) कधी, हे तुम्ही कॉलेजात शिकलेलेच आहात, ते परत सांगत नाही. मला बोलायचंय ते आपल्या कोकणातल्या बऱ्याच फॉर्मवर पहिलाच असतो त्या प्रश्नाबद्दल, "मासे-कोळंबीची ॲलर्जी आहे का?" मी रत्नागिरीत लागले तेव्हा सिनियरने हाच शिकवला आणि उत्तर "नाही" आलं की पेशंट सेफ असंच मला वाटायचं.

तसं नाहीये. कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या खाऊन पित्त उठतं ते त्यातल्या प्रोटीनमुळे, मुख्यतः ट्रोपोमायोसिनमुळे. मासळीतही आयोडीन, कॉन्ट्रास्टमध्येही आयोडीन, म्हणून हा प्रश्न आला, पण आयोडीनचा त्यात काही संबंध नाही. आयोडीन आपल्या मिठात आहे, थायरॉईडच्या हार्मोनमध्ये आहे, त्याची ॲलर्जी असती तर माणूस जगलाच नसता. कुठलीही ॲलर्जी असलेल्यांना, दम्यावाल्यांना रिस्क थोडी जास्त असते हे खरं, पण त्यात कोळंबी आणि शेंगदाणा सारखेच. बीटाडीनने (जखमेला लावायच्या आयोडीनवाल्या औषधाने) खाज येते म्हणणाऱ्यांचंही तेच.

आता नुकसान बघा. एक तर कोळंबी चालत नाही एवढ्यावरून लोकांना कॉन्ट्रास्ट नाकारतात, कोल्हापूरला जा म्हणतात, आणि गाठीचं निदान लांबतं. दुसरं त्याहून वाईट. इथे रोज मासे खाणारेच जास्त, ते हसून "नाय ओ" म्हणतात, आपण टिक करतो आणि खरा प्रश्न राहून जातो. खरा प्रश्न म्हणजे, आधी कॉन्ट्रास्ट घेतल्यावर काही झालं होतं का? आधी त्याच प्रकारच्या कॉन्ट्रास्टने रिॲक्शन आली असेल तर परत येण्याची रिस्क साधारण पाचपट धरतात.

पण "कॉन्ट्रास्ट" म्हणून विचारलंत तर कोणालाच कळत नाही. हर्णैकडच्या एक मावशी, सगळ्याला नाही नाही म्हणाल्या. मग विचारलं, मावशी, कधी सुई टोचून अंग एकदम गरम झालं, लघवी झाल्यासारखं वाटलं अशी तपासणी केलीय का? तेव्हा म्हणाल्या, हो, हृदयाची अँजिओग्राफी झाली तेव्हा, आणि नंतर घसा आवळला होता. अँजिओग्राफीतही तेच आयोडीनवालं कॉन्ट्रास्ट असतं हे त्यांना कुठून माहीत असणार! अशा वेळी थांबायचं आणि रेडिओलॉजिस्टना सांगायचं. एजंट बदलायचा, आधी स्टेरॉईड द्यायचं की प्लेनवर भागवायचं हे ते ठरवतील. स्वतः ठरवू नका, "आमच्याकडे असंच करतात" म्हणणाऱ्या सिनियरचं तर अजिबात ऐकू नका. शॉर्टकट शिकवणारा माणूस कितीही प्रेमळ असला तरी मेंटॉर नव्हे, हे माझं ठाम मत आहे.

घाबरू मात्र नका. १९९० मध्ये जपानमधल्या कातायामा यांनी ३ लाखांवर केसेसचा अभ्यास छापला, त्यात हल्लीच्या नॉन-आयोनिक कॉन्ट्रास्टने गंभीर रिॲक्शन ०.०४ टक्के होती, म्हणजे दहा हजारात चार; जुन्या आयोनिकने ०.२२ टक्के. पण तो एक पेशंट तुमच्या टेबलावर असेल तेव्हा ॲड्रेनलिन (गंभीर रिॲक्शनवरचं पहिलं इंजेक्शन) कुठल्या कप्प्यात आहे ते शोधत बसायची वेळ नसते. मोठ्या माणसाला ०.५ मिलीग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ड्युटीला आल्या आल्या अँप्यूल आणि एक्सपायरी बघा, रोज.

आणि एसटी चुकेल म्हणून घाई करणाऱ्यांना सोडू नका! गंभीर रिॲक्शन बहुतेक पहिल्या २० मिनिटांत येते, म्हणून अर्धा तास बसवायचंच आणि तोवर विगो (शिरेत बसवलेली नळी) काढायचा नाही. गुहागरची गाडी गेली तर पुढची मिळेल.

प्रेशर इंजेक्टरला (कॉन्ट्रास्ट जोराने सोडणाऱ्या मशीनला) निळा, म्हणजे बारीक विगो नको, जाड गुलाबी किंवा हिरवा कोपराच्या शिरेत, आणि आधी सलाईन मारून बघा.

घरी सोडताना सांगा की आठवडाभरात अंगावर चट्टे आले तर फोन करा. आणि कधीही रिॲक्शन आली तर फाईलवर नुसतं "कॉन्ट्रास्ट ॲलर्जी" लिहू नका. कॉन्ट्रास्ट कुठलं, आयोहेक्सॉल होतं की आयोडिक्सॅनॉल, तारीख काय, नक्की काय झालं आणि काय दिल्यावर बरं वाटलं हे सगळं लिहा, आणि त्याची एक झेरॉक्स पेशंटच्या हातात द्या.